केन्याचा पगार, युगांडाचे लाख

पवनारहून वर्ध्याला जाणाऱ्या बसमध्ये ते गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसतात. त्यांचं नाव मला माहीत नाही. जावयाचा पगार मात्र तोंडपाठ आहे. जावई केन्यात नोकरीला, पगारही तिथल्याच शिलिंगात. पण हे मोबाईल हातभर लांब धरून त्याचे युगांडाचे शिलिंग करतात, कारण मग आकडा लाखांवर जातो. तो कंडक्टरलाही ऐकू जाईल असा वाचतात. युगांडाशी जावयाचा काडीचा संबंध नाही.

काल मी खवचटपणे विचारलं, “काका, रुपयात किती होते मंग?”

त्यांनी मोबाईल खिशात घातला. “रुपयात सांगतलं त लोकं इचारतीन, पोरगी इतक्या दूर काऊन देल्ली?”

आज मीच विचारलं, “काका, युगांडात किती झाले?”