व्याह्यांच्या गाडीवरच्या लाल रेघा

आमच्या व्याह्यांचा या जगात एकाच गोष्टीवर भरवसा आहे, आणि ती गोष्ट म्हणजे नेलपेंट. माणसांवर तर नाहीच नाही. देवावर आहे की नाही याची मला शंका आहे, कारण समईतलं तेल रात्रीतून किती उतरलं ते रोज सकाळी बघतात आणि मग उंदराच्या बिळाकडे आणि देवाकडे सारख्याच नजरेनं पाहतात. पण त्यांना तरी काय बोलावं? साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं बसलेला माणूस तो. उसाच्या मोळीत दडवलेला दगड, पाणी मारून जड केलेला ऊस, गाडीवरून मुद्दामच न उतरलेला एखादा जाडजूड पाव्हणा, हे सगळं त्यांनी नुसत्या नजरेनं धरलेलं. आमच्या लेकीला बघायला आले तेव्हा पोहे खायच्या आधी आमच्या भिंतीला टिचकी मारून बघितली, आतून माती आहे की वीट. तरी मी लेक दिली. गावातल्या गावात, वडवणीतच, आणि घर असं की माझ्या ओट्यावर बसलं की त्यांचं सगळं अंगण दिसतं. पुढं लेक-जावई नोकरीपायी पुण्याला गेले, विहीणबाई देवाघरी गेल्या, आणि त्या अंगणात उरले दोघंच. एक व्याही, दुसरी त्यांची गाडी.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. डोंगरात, दगडधोंड्यांत चालवायची उंच मोटरसायकल, पुढं चोचीसारखं मडगार्ड, तिला पोरं काहीतरी इंग्रजी नाव घेतात, मी सांडणी म्हणते. काट्यावर बसून तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या येताना बघितल्या, जाताना बघितल्या, स्वतः खुर्चीवरून हलले नाहीत. म्हणून रिटायर झाल्यावर ही घेतली, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही. घेतली खरी, पण व्याही पडले बुटके. बसलं की दोन्ही पाय अधांतरी. मग मागची बाजू खाली बसावी म्हणून दोन पोलादी पट्ट्या करून घ्यायच्या ठरल्या. वडवणीच्या लेथवाल्यावर भरवसा नाही म्हणून गेले दिंद्रुडला. दिंद्रुडवाल्यानं माप बरोबर दिलंय का, हे बघायला तीच पट्टी घेऊन आले वडवणीच्या लेथवाल्याकडं. दोघांनीही बरोबर आहे म्हटल्यावर त्यांना वाटलं, दोघं एकमेकांचे नातलग असणार.

पट्ट्या बसल्या, गाडी खाली आली, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात आपोआप आडवी झाली. झालं. तपास सुरू. शेजाऱ्याची शेळी कुठं होती, दूधवाला फाटकातून आत का आला, दोन दिवस गल्लीला विचारून विचारून हैराण केलं. तिसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाच उमगलं की गाडी खाली आली, पण तिचं स्टँड तेवढंच लांब राहिलं. मग स्टँड कापलं. कापलेलं स्टँड काळ्या रानात रुतायला लागलं, तेव्हा माझ्याकडं आले आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत बघत म्हणाले, "ईनबाई, तो कान तुटलेला लोखंडी तवा तुमी वापरता का नुसता ठिवलाय?" त्या तव्याचा तळहाताएवढा तुकडा आजही स्टँडच्या पायाशी वेल्डिंग करून बसवलेला आहे. इंजिनाच्या पोटाला दगड लागू नये म्हणून खालून पत्रा ठोकला, तो मळीच्या जुन्या पिंपाचा. इंजिन तापलं की मळीचा गोडुस वास सुटायचा आणि गाडी उभी राहिली की पाच मिनिटांत मुंग्यांची रांग लागायची. मुंग्यांचा मात्र त्यांनी कधी संशय घेतला नाही. मुंग्या म्हणे समोरून येतात.

गॅरेजचं तोंड त्या गाडीनं बघितलेलं नाही. चांगला पार्ट काढून जुना घालतात, असा त्यांचा पक्का समज. त्यामुळं सगळं घरी, पोत्यावर बसून. चेन रॉकेलनं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं धुवायची, इंजिनातलं काळं तेल बाटलीत काढून ठेवायचं आणि मागच्या बाटलीशेजारी उन्हात धरून रंग ताडून बघायचा. आणि प्रत्येक नट आवळून झाला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक बारीक लाल रेघ ओढायची. नेलपेंटची. बाटली आमच्या लेकीची, लग्नातली, कपाटात राहून गेलेली, थिनर घालून पातळ केलेली. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, म्हणजे नट आपोआप ढिला झाला की कुणी हात लावला ते कळतं. रोज सकाळी नाकावर चष्मा चढवून एकेक रेघ तपासायची, मग किक. विहीणबाई गेल्यापासून मी त्यांना दुपारचा डबा देते, तर एक दिवस बघते, धुऊन आलेल्या डब्याच्या कडीवरही लाल रेघ. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मिरचीचा ठेचा जास्त घातला.

हे सगळं करून जायचं कुठं, तर बालाघाटाच्या डोंगरात, बैलगाडीही चढत नाही अशा वाटेनं वर, आणि तसंच खाली. गाव म्हणायचं, व्याही गुप्तधन हुडकतात, कारण मागं तेलाचे दोन डबे कापून केलेल्या पेट्या आणि त्यांना कुलपं. पेट्यांत मी बघितलंय. पंक्चरचं सामान, पान्हे आणि विहीणबाईंची जुनी शाल. मी एकदा विचारलं, पाव्हणं, वर जाता तरी कावून? तर म्हणाले, "नट ढिले होत्यात का बगायला." आणि नट आवळता कशाला? "परत वर जाता यावं म्हनून."

एकदा त्या वाटेवर पडले. कोपर सोललं, ते बाही खाली ओढून दडवलं. पण गावानं पुण्याला कळवलंच. मग जावयाचा फोन मला. आमचे जावई गुणी आहेत, पण बापाचा संशयी स्वभाव त्यांच्यात काळजी होऊन उतरलाय. म्हणाले, मामी, दादांना आता एकटं ठेवायचं नाही, इकडं फ्लॅटवर आणायचं. पण जोवर ती गाडी चालू आहे तोवर ते हलणार नाहीत. गाडी बंद पडली, वैतागले, की मी गिऱ्हाईक घेऊन येतो. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, की इंजिनाच्या डोक्यावर जाड वायरची एक काळी रबरी टोपी असते, ती तुम्ही नुसती वर ओढून ठेवा. आता जावई म्हणजे जावई. पंचवीस वर्षांत मी त्यांना कधी नाही म्हटलेलं नाही, भाजीत मीठ जास्त आहे असं ते म्हणाले तरी मी हो म्हटलेलं आहे.

तो दिवस बाजाराचा होता. बाजाराला व्याही पायी जातात, कारण माणसांच्या गर्दीत गाडी उभी करणं त्यांच्या कल्पनेत बसत नाही. मी सकाळपासून कैरीचं लोणचं घालत होते. तशीच हात पदराला पुसत गेले, डबा त्यांच्या ओट्यावर ठेवला, ताडपत्री उचलली आणि टोपी ओढली. टोपी निघाली तेव्हा बारकासा आवाज झाला, आणि मला वाटलं आख्ख्या वडवणीनं ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर गहू निवडायला बसले. खरं तर निवडलेलेच गहू होते. व्याह्यांनी रेघा तपासायला घेतल्या. टाकीपाशी आले आणि थांबले. खाली बसले. चष्मा पुसून परत चढवला. मग उठले आणि फाटकाला आतून कडी घातली. त्यानंतर चार दिवस गल्लीत जे झालं ते पोलिसांनाही जमलं नसतं. दूधवाला, शेळीवाला, समोरचा किराणावाला, ज्याच्याकडं ते कधी गेलेच नव्हते तो गॅरेजवालासुद्धा, सगळ्यांना विचारून झालं. काल दुपारी कुठं होता, हात दाखव, वास येतोय का रॉकेलचा. मी रोज डबा घेऊन जायची आणि वाटायचं, आज माझी पाळी. मला मात्र त्यांनी अवाक्षर विचारलं नाही. डबा घ्यायचे, माझ्या हाताकडं बघायचे आणि आत जायचे.

टोपी परत बसवायला पाच मिनिटं लागली असती, गाडी सुरू झाली असती. पण त्यांच्या डोक्यात शिरलं की टोपीला हात लागला म्हणजे ब्रेकलाही लागला असेल, चाकालाही लागला असेल. त्यांनी ती सांडणी उलगडायला घेतली. शेडमध्ये जुन्या चादरी अंथरून एकेक भाग मांडला. नट वाट्यांमध्ये, आणि वाट्या कुणाच्या, तर माझ्या, डब्यातून गेलेल्या. प्रत्येक वाटीत चिठ्ठी. वय अडुसष्ट. हात थरथरतात, पान्हा सुटून खाली पडतो. पुण्याहून फोन आला, मामी, काम झालं म्हणा की, येत्या रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो, सुटे भाग तर सुटे भाग. मी फोन ठेवला. डोळ्यांपुढं आलं, हा माणूस पुण्यात अकराव्या मजल्यावर खुर्चीत बसलेला आणि खाली दुसऱ्यांच्या गाड्या येतायत, जातायत.

गुरुवारी डबा ठेवून मी परत फिरलेच नाही. पोतं ओढलं आणि बसले. म्हटलं, कोणती वाटी देऊ? त्यांनी बघितलं माझ्याकडं. नुसतं बोट दाखवलं. असे तीन दिवस आम्ही बसलो. मला चेनचा ताण बोटानं बघता यायला लागला, ब्रेकची तार कुठून जाते ते कळलं. शनिवारी दुपारी शेवटचा नट आवळून झाला तेव्हा त्यांनी नेलपेंटची बाटली माझ्या हातात दिली. म्हणाले, माझी रेघ आता सरळ येत न्हाई. मी एकेक नट करत गेले. चाक, ब्रेक, हँडल, मळीचा पत्रा. टाकीखाली त्या टोपीपाशी आले आणि ब्रश बाटलीत बुडवला.

"हितं नको," ते म्हणाले. "हितं तुमची खूण हाय."

मी वाकून बघितलं. काळ्या रबरावर पिवळा अंगठा होता. हळदीचा, लोणच्याच्या तेलासकट. सगळी गाडी त्यांनी रॉकेलनं धुतली होती, तेवढी टोपी सोडून.

मी बाटलीचं झाकण लावलं. म्हटलं, मग मला विचारलं कावून न्हाई? गल्लीभर तपास कशासाठी केला?

"दुसरं कुनी निघतंय का बगत होतो," ते म्हणाले. मग पान्हे गोळा करत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरानं सांगितलं आसंल. जावयाला न्हाई म्हनता येतंय व्हय तुमाला?"

रविवारी जावई आले. बरोबर गिऱ्हाईक, बूट-बीट घातलेला, गाडीभोवती फिरून टायरला लाथा मारणारा. जावई म्हणाले, दादा, ही आता चालवण्यासारखी राहिली नाही, उघडलेली गाडी परत पहिल्यासारखी होत नाही. व्याही भांडले नाहीत. खाटेवर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "मला कशाला इचारतो? तुज्या सासूला इचार. समदे नट त्यांच्या डोळ्यांदेखत आवळलेत."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. जावयाच्या डोळ्यांत अशी काही खात्री होती की मामी, आता तुम्हीच सांगा. मी पदर सावरला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना म्हटलं, "न्हाई. एकबी नट ढिला न्हाई. गाडी हितंच राहील, आन दादाबी." सासूपुढं जावयाला बोलता येत नाही, ही रीत त्या दिवशी माझ्या कामी आली. ते जेवले, आणि भाजीत मीठ बरोबर आहे म्हणाले.

या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली. व्याही आता पार वरपर्यंत जात नाहीत, अर्ध्या वाटेवरच्या बाभळीपासून वळतात, आणि मला सांगतात की वर कुणीतरी वाट उकरून ठेवलीय. मी हो म्हणते. लग्नातली बाटली आटली तेव्हा लेकीनं पुण्याहून नवी पाठवली, तर त्यांनी ती उन्हात धरली आणि रंग बदलला कावून, म्हणून आठ दिवस वापरू दिली नाही. आता रेघा मीच ओढते. ते रोज सकाळी चष्मा चढवतात आणि माझी एकेक रेघ बोटानं तपासतात, चाकाची, ब्रेकची, हँडलची, एकही सोडत नाहीत. टाकीखालची हळद कधीच उडून गेली आहे, तिथं आता काळं रबर तेवढं दिसतं. त्या टोपीपाशी आले की मात्र ते न बघताच पुढं जातात.