भंगारातला सिलिंडर

रिटायर झाल्यापासून आमच्या ह्यांचे हात काही स्वस्थ बसत नव्हते. आज पंखा उघड, उद्या मिक्सर उघड. जन्मभर कारखान्यात वेल्डिंग केलेला माणूस, घरात बसून करणार काय! त्यात गीझर बिघडला. ह्यांनी उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून एक गंजलेला छोटा गॅस सिलिंडर उचलून आणला. म्हणे, कापून ह्याची लाकडाची चूल करतो, मागच्या अंगणात आंघोळीचं पाणी तापवू.

"अहो, सिलिंडर कापणार? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"भंगारवाला बोलला, बिलकुल खाली है."

"तो बोलणारच! त्याच्या घरात थोडाच कापताय?"

ह्यांनी पाना लावून वरचा पितळी व्हॉल्व्ह काढला. सिलिंडर पाण्यानं काठोकाठ भरला, ओतला, परत भरला. पाणी आतला गॅस बाहेर ढकलतं, असं मला समजावत होते. मी नाक लावून पाहिलं तर घाण वास तसाच.

"वास राहतोच गं. वास म्हणजे गॅस नव्हे. शंभर टक्के सेफ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरेना. भाजी चिरायला घेतली, तशीच ठेवली. धुतलेलं फडकं परत धुतलं. विषाची परीक्षा घ्यायची कशाला, एवढंच डोक्यात. ह्यांनी लोखंड कापायचा ग्राइंडर बाहेर काढला आणि म्हणाले, "आज सोमवार ना? शिवमंदिरात जाऊन ये. माझ्या नावानं बेल वाहा."

तेवढीच सुटका, म्हणून निघाले. देवळाबाहेर बेलाची जुडी हातात घेतली आणि थबकले. हा माणूस कधी देवाला हात जोडत नाही, ह्याला आज बेल कशाला हवा? मग उमगलं. मला घरातून बाहेर काढायचं होतं. म्हणजे आतून ह्यांनाही भीती वाटत होती!

जुडी फुलवालीच्या टोपलीत परत टाकली आणि रिक्षा पकडली. "भैया, जल्दी चलो ना!" नाक्यावर ट्रॅफिक. मी त्या रिक्षावाल्यावरच खेकसले, बिचाऱ्याचा काय दोष. कुठल्यातरी टेम्पोतून पत्रे धाडकन पडले आणि मी किंचाळले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसते का, एवढंच बघत होते.

गल्ली रिकामी होती. मी धावतच मागच्या अंगणात गेले. सिलिंडरला लाकडं सारायला चौकोनी तोंड पाडलेलं, आणि हे भिंतीला टेकून घाम पुसताहेत. जिवात जीव आला, आणि तसाच रागही.

"शंभर टक्के सेफ होतं ना? मग मला का घालवलंत?"

हे खाली बघून म्हणाले, "पोरांना दोघांपैकी एक तरी राहायला हवं ना."

"आणि मला? मला कोण राहायला हवं, ते विचारलंत कधी?"