सासऱ्यांचा मोबाइल आणि उन्हाची वीज

सासऱ्यांचा मोबाइल चार्ज करण्याच्या नादात मी त्यांचं घोंगडं जाळलं.

सासरे पिंपरी पेंढारचे. अजून मेंढरं राखतात. रानात चार्जिंग संपलं, की घरी सासूबाईंचा जीव टांगणीला. बायको म्हणाली, एक लहानसं सोलर पॅनेल आणून द्या. पण मंचरला माझं मोटारी रिवाइंड करायचं दुकान. तयार पॅनेल तर कोणीही देईल! मी मोबाइलवर पाहिलं होतं, की एका चपट्या प्लेटची एक बाजू तापवायची, दुसरी गार ठेवायची, की थेट वीज. फिरणारं काही नाही, धूर नाही. (शिवाय जावयाचं नाव होईल, ते वेगळंच.)

टीव्हीच्या जुन्या छत्रीत आरशाचे तुकडे चिकटवले, सगळं ऊन प्लेटांवर पडेल असं केलं आणि प्लेटांच्या पाठीला गार पाण्याचा डबा लावला. रविवारी सासऱ्यांच्या अंगणात मांडामांड केली. मोबाइल चार्जिंगला लागला. सासूबाईंनी कौतुकानं चहा टाकला. चहा उकळायच्या आत चार्जिंग बंद.

डब्यातलं पाणी तापलं होतं. दोन्ही बाजू गरम झाल्या की वीज बंद, हे मी सासऱ्यांना नीट समजावलं.

"म्हंजे ऊन बी पायजे आन् गारवा बी?" त्यांनी विचारलं.

मग बायको विहिरीवरून पाणी आणू लागली. गार पाणी ओतलं की चालू, जरा वेळानं बंद. दुपारपर्यंत ती घामाघूम झाली.

"आवो, ही वीज उन्हावर न्हाई, माज्या कमरंवर चाललीय," ती म्हणाली.

एवढ्यात सासऱ्यांचा एडका आला. आरशांत त्याला परके एडके दिसले, तेही डझनभर. त्यानं मागं सरकून जी टक्कर दिली, त्यात छत्री फिरली आणि सगळं ऊन अंथरलेल्या घोंगड्यावर पडलं. लोकर जळल्याचा वास सुटला. मी (प्रसंगावधान राखून) अख्खा डबा घोंगड्यावर उपडा केला. मोबाइल घोंगड्यावरच होता.

सासरे पुढं आले. निथळता मोबाइल हातात घेऊन शांतपणे म्हणाले, "पावणं, आता ह्यो वाळवायला तरी ऊन चालंल का?"

घोंगडं, मोबाइल आणि पॅनेल, तिन्ही मी नवीन घेऊन दिली. आता रानात चार्जिंग कधी संपत नाही. त्यामुळे सासरे रोज मुलीला फोन करतात आणि विचारतात, "पावणं सध्या काय बनवत तर न्हाईत ना?"