लिंबातला खिळा

आमच्या अंगणातला कडुलिंब दोन उन्हाळ्यांमागं वादळात पडला. पडताना त्यानं घर वाचवलं, कंपाउंडची भिंत तेवढी झोपवली. ह्यांनी, म्हणजे आमच्या घरधन्यांनी, लगेच लाकूडवाल्याला फोन लावला. सरपणाच्या भावात जाईल म्हणाले.

सासूबाईंनी ओट्यावर काठी आपटली. "माझ्या लिंबाला हात लावायचा नाय. मला पलंग करायचाय त्याचा."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. तेव्हा त्या अठ्ठ्याऐंशीच्या होत्या. हा सगळा भाग नुसता माळ होता तेव्हा त्यांनी तो लिंब लावला, भांड्यांचं खरकटं पाणी घालून जगवला. पण पलंगाचं कारण ते नव्हतं. नातवानं प्रेमानं फोमची गादी आणली होती आणि ती गादी त्यांना गिळायची. रात्री निजल्या की सकाळी त्यांचं नाक तेवढं वर दिसायचं. मग मला हाक. मी बगलेत हात घालून ओढायची. जन्मात कुणाला "जरा हात दे" न म्हटलेली बाई, उठून बसली की पाच मिनिटं भिंतीकडं बघत राहायची.

"गुडघ्याइतका उंच, टणक फळीचा पलंग पायजे," त्या म्हणाल्या. "कुणाला हाक न मारता उठायचंय मला."

आरा मशीनवाला म्हणाला, तीन-तीन फुटांचे तुकडे करून आणा. तीन फुटांत तर आत्याबाईसुद्धा मावत नाहीत. अख्खा ओंडका उचलावा तर गल्लीत क्रेन शिरेना. शेवटी कन्नड तालुक्यातला एक मिस्तरी सापडला. चेनचं मशीन घेऊन दारात येतो, दारातच फळ्या पाडून देतो.

तो आला, ओंडक्याला दोन-चार थापा मारल्या, वास घेतला, आणि सांगितलं, बुडाचा दोन हात भाग पोखरलाय, वरचा साडेसहा फूट तेवढा धड आहे. त्यातून पलंगाच्या फळ्या निघतील, जेमतेम. मग त्यानं आमचीच अॅल्युमिनियमची शिडी मागितली. मला वाटलं, चढतो कुठं आता? त्यानं ती ओंडक्यावर आडवी ठेवून ठोकून घट्ट केली. शिडीवरून मशीन सरकवलं की काप सरळ जातो. चाळीस वर्षं माळ्यावरचे डबे काढायला वापरलेल्या शिडीला एवढी अक्कल असेल असं वाटलं नव्हतं.

मशीन सुरू झालं. भुसा असा उडाला की चहा कडू, पाणी कडू, ह्यांचा पेपर कडू. आत्याबाई खुर्चीत बसून देखरेख करत होत्या. पहिला काप हातभर गेला नाही तोच खणकन आवाज आला, ठिणगी उडाली, मशीन थांबलं.

आत लोखंडी हूक होता. कपडे वाळवायच्या तारेचा. झाडानं तो कधीच गिळला होता आणि आम्ही विसरलो होतो.

मिस्तरीनं चेन वर धरून दाखवली. दात गेले होते. "काकू, अजून काय लोखंड असंल तर आत्ताच सांगा. माझ्याकडं आता एकच चेन हाय. ती गेली तर मी चाललो. मग ह्याच्यावर बंब पेटवा."

"काही नाही हो," हे ठामपणे म्हणाले. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या.

मी मात्र दोन पावलं मागं सरकले. कारण त्या झाडात आणखी एक खिळा होता आणि तो मी ठोकला होता.

त्यासाठी तुम्हाला बावीस वर्षांची एक दीडशहाणी पोरगी बघावी लागेल. गंगापूरच्या मास्तरांची लेक, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापर्यंत शिकलेली, त्यातही विषय वनस्पतीशास्त्र. सासरी आली ती असा चेहरा करून, जणू सरकारनं पाहणीला पाठवलंय. सासूचं तोंड सकाळी पाचला सुरू व्हायचं. "भाकरी थापतीस का तिच्याशी भांडतीस?" "एवढं पाणी? वरण हाय का विहीर?" पोरगी आतून धुमसायची. धुमसायची म्हणजे न्हाणीत जाऊन तांब्या आपटायची. यापलीकडं शौर्य नव्हतं.

शेजारच्या एका जाणत्या बाईनं तिला तोडगा सांगितला. भर दुपारी लिंबात नवा खिळा ठोकायचा, सात घाव, मनात नाव घ्यायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. ज्याचं नाव घेतलं त्याचं तोंड बंद!

वनस्पतीशास्त्रवाल्या पोरीनं हसायला पाहिजे होतं. ती हार्डवेअरच्या दुकानात गेली.

सासू दुपारी आडवी झाल्यावर खांद्याइतक्या उंचीवर तिनं खिळा ठोकला. पाचवा घाव अंगठ्यावर बसला. ओरडायची सोय नाही! डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण उरलेले दोन घाव घातलेच. जिद्द बघा. परीक्षेला अशी बसली असती तर पदवी मिळाली असती.

आणि तोडगा लागू पडला, हो! त्या संध्याकाळपासून आत्याबाई गप्प. एक शब्द नाही. पहिला दिवस मी स्वर्गात. वरणात पाणी घातलं, कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी त्यांच्या मागं-मागं फिरायला लागले. त्या नुसत्या बघायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. मी बाईची वाचा घालवली! पोलीस येतील का, डॉक्टरला काय सांगू, ह्यांना काय सांगू? पक्कड घेऊन धावले, तर खिळ्याचं डोकंच तुटून हातात आलं. मग झाडाला हळद-कुंकू वाहिलं, अकरा प्रदक्षिणा घातल्या, तुपात भिजलेला शिरा करून आत्याबाईंपुढं ठेवला आणि रडत बसले. त्यांनी शांतपणे दोन घास खाल्ले.

"साखर कमी हाय," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. पुढं चाळीसेक वर्षं मी मनातल्या मनात समजत होते की माझ्या हातात काहीतरी शक्ती आहे. भीतीनं कधी वापरली नाही एवढंच.

तर आता मिस्तरी नवी चेन बसवत होता. सांगावं तर साठी उलटलेल्या सुनेनं सासूसमोर कबुली द्यायची. न सांगावं तर चेन तुटणार, आणि आत्याबाई उरलेलं आयुष्य गादीतून हाका मारणार. मी मधला रस्ता काढला. भित्र्या माणसाला तो नेहमी सापडतो.

"मिस्तरी, मला आपलं वाटतं, इकडं एखादा खिळा असेल. पोस्टाची पेटी-बिटी अडकवली असेल कुणी."

"किती उंचीवर?"

"खांद्याइतक्या. तेव्हाच्या."

"मग आता तो वर गेला असणार," हे म्हणाले. "झाड वाढतं, खिळाही चढतो. चाळीस वर्षांत चांगला पाच-सहा फूट गेला असेल."

"नाय दादा," मिस्तरी म्हणाला. "झाड वाढतंय शेंड्याला. बुंधा नुसता जाड होतोय. खिळा जिथं ठोकला तिथंच, फक्त आत जातोय."

हे अगदी पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं. मी खडू घेतला आणि अंदाजानं ओंडक्यावर गोल काढला.

"तिथं नाय," खुर्चीतून आवाज आला. "चार बोटं बुडाकडं. झाड उभं हुतं तवाच्या उगवतीच्या अंगाला."

मिस्तरीनं आत्याबाईंकडं बघितलं. ह्यांनी माझ्याकडं. मी खडूकडं.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"खिडकीतून बघत हुते की. पाचवा घाव अंगठ्यावर घेतलास."

"पण... तुम्हाला कळलं होतं, कशासाठी ते?"

"त्या शेजारणीनं तुला तोडगा सांगितला आणि तशीच माझ्याकडं आली, सांगायला. खिळा तिच्या नावाचा ठोकायचा सोडून माझ्या नावाचा ठोकलास, येडे!"

"म्हणजे ते दोन दिवस..."

"लई जड गेले बाई. पोट फुगलं माझं. वरण तर कसलं केलं हुतंस! पण म्हटलं, सुनेनं एवढा अंगठा फोडून घेतलाय, वाया कशाला जाऊ द्यायचा."

हे हसता हसता खोकायला लागले आणि भुसा नाकात गेला. माझी शक्ती भर अंगणात संपली. मिस्तरी मात्र कामाचा माणूस. ओंडका फिरवून त्यानं उगवतीची बाजू वर घेतली आणि वरचा जाड थर बेतानं काढला. आत्याबाईंनी सांगितलं तिथंच लाकडात काळा-निळा डाग होता. छिन्नीनं टोकरून त्यानं बिनडोक्याचा खिळा पक्कडीनं ओढून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. नंतर दिवसभर चेन खणकली नाही. संध्याकाळपर्यंत दोन-दोन फूट रुंदीच्या सरळ फळ्या निघाल्या, आत तांबूस, कडेला पिवळट.

"लगेच पलंग करू नका," तो जाताना म्हणाला. "सावलीत रचा, मधी पट्ट्या घाला, टोकांना रंग लावा. वरीसभर वाळू द्या. न्हाय तर वाकतील."

"वरीसभर?" हे आईकडं बघत हळूच म्हणाले.

"मंग थांबते की," आत्याबाई म्हणाल्या. "कुठं जायचंय मला?"

वर्षभर त्या रोज काठीनं फळ्या वाजवून बघायच्या आणि मी गादीतून त्यांना ओढायची. मधल्या पावसाळ्यात त्या महिनाभर आजारी पडल्या, तेव्हा फळ्यांकडं बघवेना. पण थांबते म्हणाल्या होत्या, थांबल्या.

पलंग झाला. पहिल्या सकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघरातच थांबले. भांडी वाजवली नाहीत, नळ सोडला नाही. बराच वेळ काही नाही. मग फळी करकरली, काठी पडली, कुणीतरी काठीला शिवी दिली, आणि पावलं वाजायला लागली.

तेव्हापासून माझे हाल आहेत. त्या कधी उठतील, कुठून येतील, सांगता येत नाही. परवा दुपारी फ्रीज उघडून मी बर्फी तोंडात घालत होते. मला डॉक्टरांनी गोड बंद केलंय. मागं बघितलं तर आत्याबाई उभ्या.

"साखर वाढली म्हणं तुझी?"

मी मान हलवली. तोंड भरलेलं होतं.

"मंग सगळी नको खाऊ," त्या म्हणाल्या आणि वरच्या कप्प्यातला पेढ्यांचा डबाही त्यांचा हात पोचेल असा खाली ठेवायला सांगितला.