घाटकोपरची वखार आणि माझा शब्द

माझा धाकटा भाऊ वसंत याने मला फसवले. मी वेड्यांच्या इस्पितळात असताना त्याने चिपळूणच्या पेठेत दुकानोदुकानी फिरून सांगितले, की दादाच्या शब्दावर यापुढे कुणी सौदा करू नये. मी बरा होऊन आलो, तरी ते त्याने मागे घेतले नाही. डोक्यावरून बांबू-वासे वाहून मी हा धंदा उभा केला. पण आता लोक माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत आणि भाव ठरवायला वसंताला हाक मारत. एके दिवशी गिऱ्हाइकासमोर मी हातातला बांबू आपटला. "बघा, अजून आहे थोडं," असे वसंत हळूच म्हणाला. त्याच आठवड्यात मी दाभोळहून आगबोट पकडली.

मुंबईत मला बोलावणारे एकच घर होते. इस्पितळात शेजारच्या खाटेवर असलेले पाटणकर मास्तर आता मुलुंडला राहत. "रविवारी आमची बैठक असते, ये," एवढेच त्यांनी लिहिले होते.

दिवाळी नुकतीच उलटली होती. मुलुंडच्या एका अंगाला डोंगर, त्यावर पिवळे पडू लागलेले गवत; दुसऱ्या अंगाला खाडीपर्यंत मिठागरे, उन्हात डोळे दिपवणारी. मला मुंबई म्हणजे भाऊचा धक्का आणि हमालांशी भांडण एवढीच ठाऊक. इथे कोंबडा आरवताना ऐकून बरे वाटले.

मास्तरांच्या ओसरीवर दहाबारा माणसे बसली होती. सगळी इस्पितळातून परत आलेली. डॉक्टर नाही, बुवा नाही, अध्यक्षही नाही. ज्याला बोलायचे तो बोलतो, बाकीचे ऐकतात. एकाने सांगितले, की मुलीला बघायला पाहुणे येतात तेव्हा घरचे त्याला मागच्या खोलीत बसवतात. त्याला कुणी उपदेश केला नाही. "पुढच्या वेळी चहा तूच घेऊन जा," असे एकजण म्हणाला, आणि तो हसला.

मी मास्तरांना प्रेमाने विचारले, "काय, आता बरं वाटतं ना?"

ओसरीवर एकच ओरडा झाला. "कपबश्या! कपबश्या!"

इथला दंडक असा, की हा प्रश्न जो विचारील त्याने सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या. घरीदारी तो ऐकून प्रत्येकाचे कान किटलेले. मी तावातावाने म्हणालो, की पाहुण्याला आधी सांगायला हवे होते. सुशीलाबाई म्हणून एक ठसठशीत बाई होत्या, त्यांनी राखेची वाटी माझ्यापुढे सरकवली. "भांडून झालं की घासा."

घासता घासता कळले, की घरमालक ओसरीवरच्या गर्दीवरून कुरकुरतो. म्हणून परसात मांडव घालायचा होता. सगळ्यांनी मिळून पैसे जमवले होते, पण वखारवाले भाव काही उतरवत नव्हते.

"तुमचा बांबूचाच धंदा ना?" सुशीलाबाई म्हणाल्या. "मग तुम्हीच जा."

"माझा शब्द कुणी घेत नाही. भावाने पेठभर तसं सांगून ठेवलंय."

"घाटकोपरच्या वखारवाल्याला तुमच्या भावाने तार केली आहे का?"

मला राग आला. हातातली कपबशी मी जोरजोराने घासली.

दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर जोडीदार म्हणून तावडे आले. हे मालवणकडचे, पूर्वी गिरणीत होते. अवघड कामाला निघालेल्याबरोबर इथे एक जोडीदार जातो, पण तो बोलत नाही. बोलायचे ज्याचे काम त्यानेच. घाटकोपरला उतरून आम्ही आधी गरम गाठिया खाल्ले. मिरच्या फुकट होत्या, म्हणून मी दोनदा मागून घेतल्या.

वखार आग्रा रोडला होती. शेठ गुजराती, तोंडात पान. मी बांबू उचलून आपटले, पेरांवर नख मारले, खालच्या थरातले कीड लागलेले चार ओढून बाजूला टाकले. शेठ पान चघळायचा थांबला.

"भाव बोला," मी म्हणालो.

तो बोलला. मी निम्मा बोललो. तो हसला, मी ओरडलो. किती महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी मनापासून भांडत होते! शेवटी एकेक आणा उतरवत येऊन तो अडला. मग मी बाजारात जो डाव नेहमी टाकतो तो टाकला. "नको तुझा माल!" म्हणून पाठ फिरवली आणि चालू लागलो. दहा पावलांत हाक येते, हे मला पक्के माहीत.

पण हाक यायच्या आत तावड्यांनी माझा हात धरला. मुलुंडच्या मंडळींचा आणखी एक रिवाज मला कुणी सांगितला नव्हता. रागाने कुणी उठून गेला तर त्याला अडवायचे नाही, समजवायचे नाही, एकटेही सोडायचे नाही. हात धरून राग उतरेपर्यंत त्याच्याबरोबर चालायचे.

"अहो, सोडा! हा डाव आहे!" मी दबक्या आवाजात म्हणालो.

"काय एक बोलू नकात. चलत रवा (चालत राहा)."

"तावडे, तो हाक मारतोय!"

"मारूंदे. तुमचो राग मोठो."

गिरणीतला हात, सुटेना. विक्रोळीच्या दिशेने आम्ही दोघे बाप्ये हातात हात घालून चाललो होतो. मागून शेठच्या हाका लांब लांब पडत गेल्या, मग धोतर सावरत तो स्वतःच धावत आला.

"अरे, एवढा काय राग! घ्या तुमच्या भावाने!"

आयुष्यात मी इतका खाली भाव पाडला नव्हता. मला हसू आवरेना, आणि मी हसलो तसे तावड्यांनी हात सोडला.

शेठने बयाणा मागितला. मी म्हणालो, "बयाणा नाही. माल दारात उतरला की रोख."

त्याने तावड्यांकडे पाहिले. "हा बोलतो तसा वागतो ना?"

"त्यांकाच इचारा," तावडे म्हणाले.

 माझे डोके तापले, आणि जे मी पेठेत कधी बोललो नव्हतो ते बोललो. "शेठ, मी वेड्यांच्या इस्पितळात होतो. बरा होऊन आलो. माझ्या शब्दावर द्यायचं तर द्या, नाहीतर राहू द्या."

शेठने पान थुंकले. "हशे, हशे (असेल, असेल). पण गाडी मुलुंडला कुठल्या गल्लीत लावायची, ते सांगा ना!"

दुसऱ्या दिवशी गाडी आली, रोख पैसे चुकते झाले, आणि संध्याकाळपर्यंत मांडव उभा राहिला. सुशीलाबाई काथ्या आवळत होत्या, मास्तर वाकडे खांब सरळ आहेत म्हणून हटून बसले होते, तावडे वर चढून मालवणी गाणे म्हणत होते. मी सगळ्यांवर ओरडत होतो आणि कुणालाच त्याचे काही वाटत नव्हते.

हे मी परतीच्या बोटीवर लिहितो आहे. दाभोळचा किनारा दिसू लागला आहे. मला रागीट म्हणा, चिकट म्हणा. ते मी आजाराआधीही होतो. पण परक्या गावच्या शेठने माझा जो शब्द तोंडावर विचारून पारखून घेतला, तो माझ्या पेठेने मला न विचारताच मोडीत काढला.

वसंता, मंगळवारी बाजार भरतो. ज्या ज्या दुकानी तू गेला होतास, तिथे आपण दोघे जाऊ. मी काही बोलणार नाही. माझा कुठला शब्द खोटा पडला, ते तू माझ्यासमोर सांग. आणि सांगता आले नाही, तर कुणाला विचारून माझ्या शब्दाला कुलूप लावलेस, त्याचे उत्तर दे.