मर्सीकाकूंसाठी खाली आलेली पिकअप

फर्डिनंडकाकांना म्हातारपणी हिरोगिरीचं वारं लागलंय, म्हणून त्यांनी जुनी पिकअप जमिनीला टेकवली, असं अख्खं पापडी गाव बोलतं. साफ खोटं. गाडी खाली आली ती मर्सीकाकूंच्या गुडघ्यांपायी.

लेकीचं, सुझानचं लग्न ठरलं. या घरची रीत अशी, की चर्चला वाजतगाजत जाताना नवरीची आई बँडवाल्यांबरोबर पिकअपच्या हौद्यात बसते. पण हौदा छातीएवढा उंच. आम्ही शेजारच्या पोरांनी "आम्ही उचलतो" म्हटल्यावर काकू कडाडल्या, "मी काय भाताची गोण आहे? माझी मी चढेन, नाहीतर घरी बसेन!"

लेकीच्या वरातीत आईच नाही? काकांना घास उतरेना. बापाच्या वेळची, जन्मभर केळी वाहिलेली ती गाडी चिकूच्या झाडाखाली जॅकवर चढली.

आधी पुढच्या स्प्रिंगा आखूड केल्या. गाडी नाक खाली, ढुंगण वर करून उभी! हौद्यात खुर्ची ठेवून काका स्वतः बसले आणि सरकत केबिनवर आदळले.

ओट्यावरून काकू म्हणाल्या, "फर्डी, वरात आहे की घसरगुंडी?"

मग मागच्या चाकांवर वजन पेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या थप्पीतले दोन पाटे काढले. रिकामी गाडी अशी सपाट, की काका शीळ घालू लागले. काकू स्टुलावर पाय ठेवून आपल्या आपण चढल्यासुद्धा. मागोमाग ढोल-ट्रंपेटवाले चढले, आणि मागचं बूड भुईला, नाक आभाळात.

"आता विमान उडव," काकू म्हणाल्या आणि उतरून घरात गेल्या.

जेवताना काका आमटीच्या वाटीकडेच बघत बसले. एकदम ओरडले, "मर्सी! वरातीला गाडी रिकामी जानार नाय ना? मग मी रिकामी का मापतोय?"

सकाळी पाटे परत घातले. पाटे आणि चाकांचा आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवले. उंची गेली, ताकद राहिली. वजनाला बँडवाले बसवले आणि सपाटी बघायला, बुडबुडा राहील एवढीच भरलेली पाण्याची बाटली हौद्यात आडवी ठेवली. बसून कंटाळलेल्या बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं, तशी शेजारीण अँजेलिना हातातलं तांदूळ पाखडायचं सूप टाकून नाचायला आली.

"हलू नका रे, पानी हलतंय!" काका बोंबलत होते.

सगळे उतरल्यावर गाडी मागून बोटभर वरच. गावभर काकांची नक्कल करत फिरणारा मी खिदळलो, "काका, वाकडीच की!"

"लाव पैज. लग्नादिवशी सपाट निघाली, तर ईस्टरपर्यंत माझी नक्कल बंद. वाकडी निघाली, तर हॉलमध्ये माइकवर मी तुझी करीन."

लग्नादिवशी काकूंनी साडी सावरली, चढल्या, बसल्या. बँड चढला. गाडी बोटभर दबली आणि थांबली. काकूंनी डावीउजवीकडे पाहिलं, खुर्चीचे हात सोडले आणि टाळी वाजवली, "चल फर्डी!"

काकांनी बाटली माझ्या नाकासमोर हौद्यात आडवी ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध.

ईस्टर अजून लांब आहे. तोंड बंद आहे; लिहून नक्कल करायची नाही, असं काही ठरलं नव्हतं.