डाव्या हाताचा पहारा

घड्याळजी भित्रा होता असं म्हणवत नाही. एकदा त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात साप निघाला तर याने स्वतः फडक्यात गुंडाळून बाहेर नेऊन सोडला. भ्यायचा तो फक्त स्वतःच्या डाव्या हाताला.

घड्याळजी आणि त्याचा भाऊ जुळे. भाऊ अकरा मिनिटांनी मोठा, आणि तेवढ्या भांडवलावर त्याने जन्मभर 'दादा' म्हणवून घेतलं. दिसायला दोघं एकसारखे, पण आरशातल्या प्रतिबिंबासारखे उलटे. दादाचा भोवरा उजवीकडे, याचा डावीकडे. दादाचा उजवा हात चाले, हा डावखुरा. चार वर्षांपूर्वी लोकांची दारं-खिडक्या रंगवता रंगवता दादाचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. घड्याळजीने घरी येईपर्यंत गणित मांडलं: त्याचा उजवा, म्हणजे माझा डावा! आणि डावा गेला की दुकान गेलं, कारण केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायची ती त्याच हाताने.

झालं, पहारा सुरू. रोज सकाळी काठोकाठ भरलेला पेला डाव्या हातात घेऊन हा खांबासारखा उभा.

"अहो, आता प्या तरी ते पाणी," बायको म्हणायची, "नाहीतर झाडांना घाला. कुणाच्या तरी कामी येऊ दे."

डाव्या हाताने पिशवी उचलणं बंद, खिळा ठोकणं बंद. आणि दादाकडे जाणंही बंद. त्याचं घर दोन गल्ल्या सोडून, पण याला रोज काहीतरी तातडीचं काम निघायचं. खरं सांगायचं तर दादाचा तो हात त्याला बघवत नव्हता.

शेवटी जुळ्यांवर अभ्यास करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी दोघांना वेगवेगळ्या दिवशी तपासलं.

"तुम्हाला आज तरी काही नाही," त्या याला म्हणाल्या. "जीन्स दोघांचे तेच. पण त्यातले कुठले जागे राहतात नि कुठले झोपतात, ते आयुष्यभर बदलत जातं. एकाला झालं म्हणून दुसऱ्याला होईलच असं नाही. आणि झालंच, तर आजार काही आरसा बघून हात निवडत नाही."

"म्हणजे एकाच कारखान्यातली दोन घड्याळं," घड्याळजी खुशीत म्हणाला. "एक रंगाऱ्याच्या मनगटावर, एक कपाटात."

"तसंच काहीसं. तुमचे भाऊ मात्र तपासताना सारखं एकच विचारत होते, 'धाकट्याला नाही ना?' तुम्ही अजून त्यांचं काही विचारलं नाहीत."

घड्याळजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तिथून निघाला तो थेट दादाच्या दारात.

दार उघडायला दादाला बराच वेळ लागला. सदऱ्यावर चहा सांडलेला होता.

"दाखव हात," दादा म्हणाला.

"कुठला?"

"अरे गाढवा, डावा! चार वर्षं जपलास म्हणे तो."

घड्याळजीने डावा हात पुढे केला. अगदी स्थिर होता. समोरून दादाने आपल्या उजव्या हाताने तो धरला, आणि त्याबरोबर तोही हलू लागला.

"सोड, सोड," दादा घाईघाईने म्हणाला, "माझ्यामुळे हलतोय तो. उगाच घाबरशील."

घड्याळजीने हात सोडला नाही.